डाव्या चाकाचा ब्रॅकेट

तपासणीच्या जांभळ्या उजेडात ब्रॅकेटवर केसाएवढी हिरवी रेघ चमकली. त्रिशलानं ब्रॅकेट पुसला, पुन्हा रसायन लावलं, पुन्हा उजेडात धरला. तडा तिथंच होता.

शिरोलीतल्या त्यांच्या कारखान्यात हवाई दलाच्या प्रशिक्षण विमानांची चाकं धरून ठेवणारे ब्रॅकेट बनत. नवी विमानं यायला उशीर होत होता, म्हणून जुन्यांचंच आयुष्य वाढवायचं ठरलेलं. ब्रॅकेट बनवणारी मूळ परदेशी कंपनी कधीच बंद पडली होती. चाचण्यांत फक्त यांचाच माल उतरला, म्हणून निविदा न काढता ऑर्डर थेट यांना मिळाली. तिचे थोरले दीर जयपाल सगळ्यांना सांगत सुटायचे, "देशात आपल्याशिवाय कोण न्हाय!"

"गेल्या महिन्यात पाठवलेला माल ह्याच भट्टीतला का?" तिनं तपासनीस विश्वजितला विचारलं.

"व्हय वहिनी. ह्याच्याबरोबरच काढलाता." विश्वजितचा चेहरा उतरला.

जयपाल धावत आले. रेघ बघून ते खुर्चीत बसले.

"हा माल मोडीत काढू. गेलेल्याच्या जागी गुपचूप नवीन पाठवू. चार दिवस थांब."

"भावजी, त्या विमानांत पोरं बसत्यात."

"आणि हितं कामाला येत्यात ती कुणाची पोरं? एकदा नाव गेलं की संपलं की गं!"

त्रिशलाला ते पटत नव्हतं असं नाही. दारापलीकडं यंत्रांचा आवाज चालू होता. तरी तिनं हवाई दलाच्या तळावर फोन लावला.

विमानांच्या देखभालीचे अधिकारी, स्क्वाड्रन लीडर महांतेश हिरेमठ बेळगावकडचे. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"बाकीची विमानं थांबवतो," ते म्हणाले. "पण एक हवेत आहे. कॅडेट एकटीच. पहिल्यांदाच एकटी उडतेय."

त्रिशलानं टेबलावरचा ब्रॅकेट जवळ ओढला.

"नवा ब्रॅकेट तिच्या डाव्या चाकाला आहे. तडा कुठं आहे, मॅडम?"

"खालच्या कोपऱ्यात. आडवा धक्का बसला तर तुटेल. सरळ भार थोडा वेळ झेलेल कदाचित."

"फोन ठेवू नका."

पलीकडं कुणीतरी रेडिओवर त्या मुलीशी शांतपणे बोलत होतं: उजवं चाक आधी टेकव, ब्रेक दाबू नको. इकडं जयपालांनी हात जोडले होते आणि ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्राचा जप चालू होता. विश्वजित भिंतीला टेकून उभा होता.

"उजवं टेकलं," हिरेमठ म्हणाले. मग नुसता आरडाओरडा ऐकू आला. त्रिशला "हॅलो, हॅलो" करत राहिली. उत्तर येईना.

"मॅडम," शेवटी आवाज आला, "डावं चाक मोडलं. पंख घासला. पोरगी चालत बाहेर आली."

त्रिशलानं फोन खाली ठेवला. जयपाल तोंडावर पंचा धरून रडले.

चौकशीत भट्टीचा तापमापक बिघडलेला निघाला. ऑर्डर थांबली आणि तळावरची ती विमानंही कित्येक महिने जागच्या जागी उभी राहिली. शेवटी हिरेमठ स्वतः शिरोलीला आले. भट्टी नव्यानं तपासून झाली होती.

"दुसरं कुणीच नाही," ते म्हणाले. "पुन्हा सुरू करा."

जयपालांचा चेहरा खुलला.

"करू," त्रिशला म्हणाली. "पण सर, आणखी एक कारखाना तयार करा. आमचे साचे, आमची पद्धत, सगळं शिकवू त्यांना."

"आपल्याच हातानं?" जयपाल ताडकन उठले. "डोकं फिरलं का तुझं?"

"आपण चुकलो तर त्यांनी कुणाकडं बघायचं, भावजी? एवढी विमानं उभी ऱ्हायली."

जयपाल येरझाऱ्या घालत राहिले. हिरेमठांनी चहाचा कप उचलला, पण तोंडाला लावला नाही.

"उद्यमनगरात त्या घोरपड्याचा कारखाना हाय," जयपाल थांबून म्हणाले. "भट्टी चांगली हाय त्याची. पण माणूस लई वाकडं बोलतोय."

"बोलू दे की," त्रिशला म्हणाली. "आत्ताच जाऊया."