एकशे तेरा नोंदींची मोट

मी काही भोळी नाही. ऑफिसात मला 'खडूस' म्हणतात आणि ते खोटंही नाही. पण घरच्या माणसावर नजर ठेवायची अक्कल मला कुणी शिकवली नव्हती.

धाकटा दीर माझ्याच टीममध्ये. त्याला तिथे चिकटवलं तेही मीच. चार महिने मी दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमधला अपॉइंटमेंटचा भाग नव्यानं लिहीत होते. आमच्यात प्रत्येक जण मूळ कोडची आपली वेगळी ब्रँच काढतो, तिच्यात काम करतो आणि पुरं झालं की ती मूळ कोडमध्ये मर्ज करतो. सोबत प्रत्येक बारक्या बदलाची नोंद नावानिशी जाते. माझ्या एकशे तेरा नोंदी होत्या. त्या नोंदी बघूनच साहेब नवा टीमलीड ठरवणार होते, आणि ते पद मला हवं होतं. उगाच लाजू कशाला?

नेमका शेवटच्या आठवड्यात लेकीला ताप भरला. मी दिराला फोन केला.

"भावजी, माझी ब्रँच तेवढी मर्ज कराल? दोन फायलींत तुमच्या बदलांशी टक्कर होतेय. कुठे माझं ठेवायचं ते लिहून पाठवते."

"वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा. पोरीकडे बघा."

सोमवारी ऑफिसात पोचले तर टाळ्या चालू होत्या. टीमलीड म्हणून दिराचं नाव जाहीर झालं होतं. मी खुर्चीत बसून मूळ कोडचा इतिहास उघडला. माझ्या एकशे तेरा नोंदींची एकच मोट बांधलेली, आणि तिच्यावर नाव दिराचं. सर्व्हरवरची माझी ब्रँचही पुसलेली. मर्ज झालेली ब्रँच लगेच पुसायची, हा नियम मीच टीमला लावला होता.

"भावजी, हे काय?"

"अहो, एकच नोंद केली की इतिहास सुटसुटीत दिसतो. नाव आपोआप पडलं माझं."

आपोआप! नाव आपोआप पडत असेल, टाळ्या तर थांबवता आल्या असत्या ना? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या लॅपटॉपवर ब्रँच शाबूत होती, साहेबांना दाखवायला पाच मिनिटं पुरली असती. पण घरचं भांडण ऑफिसात नको, आधी नवऱ्याच्या कानावर घालू, म्हणून गिळून बसले.

संध्याकाळी घरी आले. नवरा टेबलाशी मटार सोलत होता.

"हे बघ, डोक्यात राख घालून घेऊ नकोस," तो मान वर न करता म्हणाला. "तू लीड झालीस तर पोरीकडे कोण बघणार? पद घरातच राहिलं ना?"

मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

"कधी ठरलं तुमचं?"

"तू तिला डॉक्टरकडे घेऊन गेली होतीस तेव्हा."

मी त्याच्यासमोरच उभ्या उभ्या साहेबांना फोन लावला.