अठराव्या होलची जागा

सकाळी सहाला सेक्रेटरीनं माळीणबाईंना गाठलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. आज गोल्फ क्लबच्या कपची फायनल, क्लबचे अध्यक्ष स्वतः खेळणार, आणि हा माणूस हात चोळत म्हणतो काय, "बाई, अठरावं होल आज डावीकडच्या खोलगटात पाडा. अध्यक्षांचा चेंडू तिकडंच वळतो. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

आता बघा, समुद्रकाठच्या त्या मैदानावर होलची, म्हणजे चेंडू ज्यात पडायचा त्या खळग्याची, जागा रोज बदलायची आणि ती बाईंनीच ठरवायची, हा रिवाज. एकोणीस वर्षांत कुणी त्यात नाक खुपसलं नव्हतं. खोलगटात होल म्हणजे चेंडू कुठूनही घरंगळत आत. याला काय खेळ म्हणायचं, डोंबल!

नोकरीची धास्ती बाईंनाही होती, खोटं कशाला सांगू? या वयात दुसरी नोकरी कोण देणार होतं? पण पहिला चेंडू उडाला की होल हलवता येत नाही, हा नियम त्यांना पाठ होता. मुद्दाम रेंगाळत त्या अगदी ऐनवेळी अठराव्या हिरवळीवर गेल्या. थेट उजवीकडे, कड्याजवळ, भणाणत्या वाऱ्यात. होल पाडायचा पत्र्याचा नळा जमिनीत पिळून दाबला, मातीचा गोळा काढला, डबा बसवला आणि झेंडा रोवला. सेक्रेटरी धापा टाकत पोचला तोवर खेळ सुरू झाला होता.

दुपारी अध्यक्ष आणि त्यांच्याविरुद्ध खेळणारी दातांची डॉक्टरीण बरोबरीत शेवटच्या, अठराव्या होलवर आले. अध्यक्षांचा चेंडू सवयीनं डावीकडं वळला आणि खोलगटात जाऊन बसला. तिथून त्यांना तीन फटके लागले, डॉक्टरीणबाईंना दोन. कप गेला.

"तुम्हाला निरोप मिळाला नव्हता का?" अध्यक्ष सगळ्यांसमोर बाईंवर ओरडले.

"मिळाला की. तरी इथंच पाडलं."

"मग चालत्या व्हा! उद्यापासून तोंड दाखवू नका."

"चालले. पण साहेब, गेली दोन वर्षं कप तुम्हीच जिंकलात ना? तेव्हाही होल मीच पाडलं होतं, कुणाला न विचारता. म्हणून ते कप तुमचे आहेत. आज तुमचं ऐकलं असतं, तर तेही कुणी खरे मानले नसते."

डॉक्टरीणबाईंनी हातातली टोपी खाली ठेवली आणि टाळी वाजवली, एकटीनंच.

बाई ताठ मानेनं फाटकाबाहेर पडल्या. डोळे भरून आले होते, पण रस्त्याचं वळण येईपर्यंत त्यांनी ते पुसले नाहीत.