खोली नंबर नऊचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही. तरी आज बोलायचं ठरवलं आहे. मी एक म्हातारा टेपरेकॉर्डर आहे आणि माझी उभी हयात पोलीस मुख्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, खोली नंबर नऊमध्ये गेली.

माझी भावंडं गाणी ऐकवायला घरोघर गेली. मी मुद्दाम वेगळा घडवला गेलो. माझ्यात एका वेळी दोन कॅसेट फिरतात, दोन्हींवर तेच बोलणं उतरतं. एक चौकशी करणाऱ्याची, दुसरी ज्याची चौकशी होते त्याची. नंतर कुणी शब्द फिरवू नयेत, एवढंच माझं काम.

खोली नऊमध्ये चोर येत नसत. पोलीस येत. ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली आहे, असा पोलीस टोपी मांडीवर ठेवून बसायचा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड फळ्या ठोकल्या होत्या. तिथे शब्द तोंडातून निघाला की लगेच मरायचा. नवा माणूस नुसता खाकरला, तरी दचकून मागे बघायचा.

प्रश्नांआधी साहेबांनी त्याचे हक्क वाचून दाखवायचे असा नियम होता. आरोप लेखी मिळेल. इथे दिलेलं उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही. शेजारी खात्यातला एक साथीदार बसवता येईल. त्यासाठी एक खुर्ची कायम ठेवलेली असे. मग टंकलेखिकाबाई कॅसेट मागे फिरवून आवाज नीट उतरला का ते तपासायच्या. कापसाच्या बोळ्याने मला पुसायच्या आणि म्हणायच्या, "याच्या जिवावर तिघांच्या नोकऱ्या वाचल्यात हो!" तेव्हा मला धन्य वाटे.

हळूहळू साहेब लोक हक्कांचा कागद एका दमात उरकू लागले. त्यात पोलिसांची एक गंमत आहे. ते जन्मभर दुसऱ्यांना हक्क वाचून दाखवतात, पण स्वतःवर वेळ आली की ते मागायला लाजतात. वकील मागतो तो चोर आणि गप्प बसतो तोही चोर, हे त्यांनीच मनाशी ठरवलेलं असतं. त्यामुळे ती खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहिली.

एके दुपारी एक हवालदार आला. त्याची सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. त्याच्या चौकीच्या कोठडीत एका माणसाचा हात मोडला होता आणि त्या दिवशी कोठडीवर ड्युटी हवालदाराची होती. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती आणि वर वेगळा खटला होऊन तुरुंग.

साहेबांनी कागद भराभर वाचला. "साथीदार हवा आहे का?"

"नको. मी काय चोर आहे? विचारा पटापट, घरी पाहुणे यायचेत."

बाईंनी कॅसेट मागे फिरवली आणि लावली. साहेबांचा प्रश्न ऐकू आला. मग हवालदाराचं उत्तर यायला हवं होतं. त्याच्याआधी तिसराच आवाज आला. थकलेला, अगदी माइकजवळचा.

"कुणी बसेल का माझ्याजवळ?"

आणि मग, "नको. मी काय चोर आहे?"

साहेबांनी बटण दाबून मला थांबवलं.

"बाई, जुनी कॅसेट घातलीत का? आधीचा आवाज पुसायचा राहिला असेल."

"नाही साहेब. आत्ता तुमच्यासमोर पाकीट फोडलं. हे बघा वेष्टन."

दुसरी कॅसेट लावली. तिच्यातही तेच. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, माझ्या माइकपाशी तेव्हा तिघेच होते. मी कधी काही गाळलं नाही आणि पदरचं घातलंही नाही. तो आवाज कुठून आला, ते मला आजही माहीत नाही.

हवालदाराच्या मांडीवरची टोपी खाली पडली. "मास्तर," तो पुटपुटला.

मास्तर म्हणजे एक जमादार. सगळ्यांच्या अहवालातल्या चुका काढायचे, म्हणून ते नाव पडलं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांची चौकशी याच खोलीत झाली होती.

"मला म्हणाले होते, चल, नुसता शेजारी बस," हवालदार साहेबांना सांगत होता. "मी म्हटलं, तुमच्याजवळ बसून माझं तोंड कशाला काळं करू? एकटेच आले. दिला तो कागद सही करून गेले. नोकरी गेली, वर्षभरात माणूसही गेला. खरं काय होतं, ते मी विचारलंसुद्धा नाही." त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि पटकन नजर काढली. "साहेब, थांबवा. मला साथीदार हवा."

नियमच तो. चौकशी थांबली.

दोन दिवसांत चार मित्रांनी त्याला नकार दिला. तिसऱ्या दिवशी वायरलेस विभागातली एक शिपाईबाई आली. त्यांची जेमतेम ओळख होती.

"काका, मी तुमची बाजू घ्यायला आले नाही हं," बसता बसता ती म्हणाली. "तुम्ही केलं असेल तर भोगाल. मी फक्त नियम बघणार."

"तेवढं पुरे, पोरी."

साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी कोठडीची ड्युटी तुमची होती, हे मान्य?"

हवालदार "हो" म्हणायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "साहेब, लेखी आरोपात वेळच नाही. वेळ द्या, मग विचारा."

साहेब चिडले, पण कागद परत गेला. आठवड्याने वेळ लिहून आली. दुपारचे तीन. तीन वाजता हवालदार दुसऱ्या आरोपीला घेऊन कोर्टात उभा होता. तिथल्या नोंदवहीत त्याची सही होती. कोठडीची किल्ली तो तोंडी सांगून एका फौजदाराकडे देऊन गेला होता. नोंद न केल्याबद्दल त्याला ठपका मिळाला. नोकरी राहिली, तुरुंग टळला.

मग त्या फौजदाराला खोली नऊमध्ये बोलावलं. त्याच्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. दार उघडलं आणि हवालदार आत आला.

"तू?" फौजदार म्हणाला. "माझ्यामुळे तू मरत होतास, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. सरका थोडे."

फौजदाराने हात मोडला होता, हे पुढे सिद्धच झालं. हवालदार त्याच्याजवळ शेवटच्या प्रश्नापर्यंत बसला. त्या दिवशी बाईंनी कॅसेट तपासली, तेव्हा तिच्यात माणसं होती तेवढेच आवाज होते.

आता मी तळघरात आहे. माझी तार कापली आहे, डोक्यावर फायलींचे गठ्ठे आहेत. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कधी कुणी तुम्हाला "जरा शेजारी बस" म्हणालं, तर तो खरा की खोटा हे आधी ठरवू नका. बसा. ते ठरवायला समोर दुसरं कुणी बसलेलं असतं.