चिमीचा डावा डोळा

आमच्या आईनं मला कधी मारलं नाही. मला वळण लावायला तिच्याकडे चिमी होती.

चिमी माझी मावसबहीण, माझ्याच वयाची. मावशीचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर, त्यामुळे चिमीला मी कधी पाहिलं नव्हतं. पण तिच्या बातम्या आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज ताज्या यायच्या. चिमीनं घास न चावता गिळला, पोटाला टाके पडले. चिमी चाकूशी खेळली, करंगळी गेली. चिमी आडवी पडून अंधारात वाचायची, तर डावा डोळाच गेला. एवढं होऊनही ती रोज शाळेत जात होती, म्हणजे पोरगी चिवटच म्हणायची.

शिवाय खोटं बोललं की नखावर पांढरा ठिपका उठतो, अशी आईची ठाम श्रद्धा. सकाळी उठलं की हात पुढे. एकदा मी शहाणपणा करून नेलपॉलिश लावलं. "झाकावं लागलं, त्यातच सगळं आलं," आई म्हणाली, आणि मी मुकाट्यानं तीन गुन्हे कबूल केले. त्यातला एक तर मी केलाही नव्हता.

या संस्कारांना पुढे फळ आलं आणि मी चष्म्याचं दुकान काढलं. लोकांना वाटतं, आवड असेल. आवड कसली! चिमीच्या डोळ्याची धास्ती.

गेल्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिला बघायला मावशी आली. सोबत लेक. आमचं घर दुकानाच्या वरच. मावशी जिन्याकडे वळली आणि लेक काउंटरपाशी थांबली. मी आधी तिची बोटं मोजली. दहा. मग डोळे बघितले. दोन, आणि दोन्ही माझ्या तोंडावर रोखलेले.

"जीभ दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"उलट बोलायचीस म्हणून तुझी जीभ आखडली होती ना? चांगली बोलतेस की!"

मी जीभ दाखवली. फ्रेम बघत उभं असलेलं गिऱ्हाईक काही न घेताच निघून गेलं.

चिमीच्या घरी माझी दशा तिच्याहून वाईट होती. न सांगता खेळायला गेल्यामुळे मी चार दिवस हरवले होते. केस विंचरू न दिल्यामुळे त्यात चिमणीनं घरटं बांधलं होतं, आणि पिल्लं उडेपर्यंत मला मान हलवायची बंदी होती.

आम्ही दोघी पन्नाशीच्या बायका तरातरा जिना चढलो. आई एका डोळ्यावर पट्टी लावून पलंगावर बसली होती, मावशी तिच्या पायाशी.

"सुरुवात कुणी केली?" मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

"पत्रातून ठरवायचो आम्ही," मावशी म्हणाली. मग एकदम आईकडे वळली. "पण ताई, डोळा? डोळ्याचं ठरलं नव्हतं आपलं!"

"मग काय करू? ही उजेडात वाचायला बसेचना. नुसत्या करंगळीवर भागण्यातली नव्हती."

"अगं मावशी, पण मीच का?" चिमी म्हणाली. "शेजारपाजारी पोरी नव्हत्या?"

"लोकांच्या लेकरांबद्दल असलं अभद्र बोलायचं?" आईला खरंच लागलं. "तू आपल्या हक्काची."

जरा वेळानं ती हळूच म्हणाली, "येणं-जाणं तर जमत नव्हतं. निदान रोज तुझं नाव तरी निघायचं घरात."

मावशी पलंगाच्या चादरीची सुरकुती काढत राहिली. ती सुरकुती काही निघेना.

मी चहा टाकायला आत गेले. चिमी मागोमाग आली.

"खरं सांगू? तुझ्या जिभेसाठी मी सातवीपर्यंत रोज प्रार्थना केली. मग कंटाळा आला."

मी तिला सांगितलं की शाळेत जाताना मी डावा डोळा मिटून चालायचे, तिला जग कसं दिसत असेल ते बघायला. एकदा विजेच्या खांबावर आदळले. कपाळावरची खूण दाखवली. ती आधी हसली, मग हसता हसता ओट्याला टेकून रडली. चहा उतू गेला. बाहेर दोघी बहिणी चिमणीची गोष्ट जास्त परिणामकारक की चाकूची, यावर भांडत होत्या.

दोन दिवसांसाठी आलेली मावशी तीन आठवडे राहिली. निघताना बस सुटली तशी आई भर स्टँडवर रडायला लागली.

"ते थेंब झोंबतात गं डोळ्याचे," ती म्हणाली.

थेंबांची बाटली सकाळपासून माझ्या पर्समध्ये होती.