गादीशेटची गादी सरकते

गादीशेटची पाठ गेली होती, पण ते कुणाला कळून चालणार नव्हतं. दुकानाच्या दारावर त्याने स्वतःच भलीमोठी पाटी लावली होती: 'आमच्या गादीवर पाठ दुखतच नाही.' आता पाटी लावणाराच कण्हतोय म्हटल्यावर दुकानात काळं कुत्रं तरी फिरकेल का?

गिऱ्हाइकाला गादी दाखवायची म्हणजे शेट स्वतः तिच्यावर आडवा व्हायचा. आडवं होणं जमायचं, उठणं जमायचं नाही. मग कळ ओसरेपर्यंत तो पडल्यापडल्याच फोमचे थर, खोळ, शिवण, असं काहीबाही सांगत राहायचा. लोकांना वाटायचं, काय हा माणूस, मालावर किती जीव! विक्री उलट वाढली.

पण एक दिवस साधी शिंक आली आणि कमरेतली कळ थेट डाव्या पायाच्या अंगठ्यात जाऊन बसली. शेट गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेला. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, शेवटी पाठीचा फोटो काढला. तो बघून बाई म्हणाल्या, "तुमची गादी सरकलीय."

शेट दचकला. "कुणाला विकलेली?"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि समजावून सांगितलं. दोन मणक्यांच्या मधे मऊ चकती असते, तिलाच गादी म्हणतात. त्याच्या एका गादीची शिवण उसवली होती आणि आतला मगज बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसला होता. पण पाठ फाडायची गरज नव्हती. पेन्सिलीएवढी नळी आत घालायची, नळीत कॅमेरा, चिमट्याने बाहेर आलेला तुकडा उचलायचा आणि संध्याकाळी घरी. अट एकच, की पूर्ण भूल मिळणार नाही, जागं राहायचं.

"पायात कळ गेली की तोंड उघडायचं," बाई म्हणाल्या. "म्हणजे नळी नसेला लागतेय हे मला कळतं. गप्प बसलात तर पाय कायमचा लुळा पडेल."

बोलायला आपल्याला कोण शिकवणार, असं मनात म्हणत शेट घरी आला. फोमचा कारखाना बघायला चाललोय अशी त्याने बायकोला थाप मारली आणि दुकान मेहुण्याच्या हवाली केलं. मेहुणा कामाला वाघ, पण तोंडाला झाकण नाही. दवाखान्याच्या कागदावर फोन नंबर मात्र शेटने सवयीने दुकानाचाच लिहिला.

शेटला टेबलावर पालथा घातला, कमर बधिर केली, नळी आत गेली. तेवढ्यात डोक्याशी उभी असलेली नर्स खाली वाकली. "अय्या, गादीशेट ना तुम्ही? सासूबाईंच्या पाठीसाठी तुमच्याचकडची गादी घेतली की आम्ही."

शेटचं तोंड खोळीसारखं शिवलं गेलं.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं. छे छे, म्हणाला. पायात काही जाणवतंय का? गार वाटतंय, म्हणाला. इकडे अंगठा मासळीसारखा तडफडत होता. बाईंनी हात थांबवला. हे असंच चाललं तर नळी बाहेर काढते आणि घरी पाठवते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी शेटचं 'छे छे'च चालू.

त्याच वेळी बाहेरच्या काउंटरवरच्या मुलीने कागदावरचा नंबर फिरवला होता. दवाखान्यातून बोलतेय, गादी फाटलीय, आतलं बाहेर आलंय, डॉक्टर बारीक भोक पाडून तेवढं काढतायत, कुणालातरी पाठवा, असं ती म्हणाली. मेहुण्याने ओरडून सांगितलं की भोक अजिबात पाडू नका, गॅरंटी जाईल. गॅरंटी डॉक्टर देतच नसतात, असं म्हणून तिने फोन ठेवला.

दवाखाना दुकानापासून हाकेच्या अंतरावर. मेहुणा नवी गादी डोक्यावर घेऊन धावत आला आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशीच येऊन गरजला, "कुठंय ती फाटकी? बदलून देतो!"

काउंटरवरच्या मुलीने त्याला मागे ओढत सांगितलं, की फाटलीय ती पाठीतली गादी आणि पाठ आहे गादीशेटची.

मग मेहुण्याचा आवाज आला. "आमच्या दाजींची पाठ दुखते?" रांगेत बसलेल्या झाडून सगळ्या पाठदुख्यांनी तो ऐकला.

आत नर्स छताकडे बघू लागली. बाईंनी हळूच विचारलं, "आता तरी?"

"दुखतंय हो," शेट म्हणाला. "कमरेपासून अंगठ्यापर्यंत, जीव जातोय."

बाईंनी नळी केसभर सरकवली. कळ थांबली. मग मात्र शेट थांबेना, इतक्या दिवसांची तुंबलेली दुखणी तो एकेक करून सांगत सुटला. शेवटी बाईंनी चिमट्यातला तुकडा दाखवला. भिजलेल्या कापसाचा इवलासा बोळा. एवढ्याशासाठी, म्हणून शेटलाच लाज वाटली.

थोड्या वेळाने तो आपल्या पायांनी बाहेर आला. बाहेर मेहुण्याने गादी जमिनीवर अंथरली होती आणि तिच्यावर रांगेतला एक धिप्पाड बसड्रायव्हर पसरला होता. "शेट, खरं सांगा, ही घेऊ का?" तो म्हणाला. मागून मेहुणा डोळ्यांनी खाणाखुणा करत होता.

शेटने गादीकडे पाहिलं. दुकानातली सगळ्यात मऊ, सगळ्यात महाग. घरी तो हिच्याच बहिणीवर झोपत होता.

"ही नको," तो म्हणाला. "हिच्यात माणूस रुततो. दुकानात कडक आहेत, त्यातली घ्या. पण आधी आत जाऊन या."

"आत दुखतं का?"

छे, असं शेटच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"दुखतं," तो म्हणाला. "पण कुठं ते सांगितलं की बाई थांबतात."

मेहुण्याने रागारागाने गादी गुंडाळायला घेतली. ड्रायव्हर अजून तिच्यावरच होता.