बासष्ट पायऱ्या

घरामागचा सरकारी दवाखाना बंद झाला तो माझ्या नकाशामुळे. तोंडावर कुणी बोललं नाही, पण आरोग्य विभागात संगणकावर शहराचे नकाशे मी करते, आणि कोणती वस्ती दवाखान्यापासून किती मिनिटांवर आहे ते मीच रंगवलं होतं. पंधरा मिनिटांच्या आतला भाग हिरवा. घरामागचा दवाखाना वगळून पाहिलं तरी आमची गल्ली हिरवीच राहिली, कारण रुळांपलीकडचा मोठा दवाखाना चालत बारा मिनिटांवर निघाला. साहेब खूश झाले आणि महिन्याभरात इथे कुलूप लागलं. बाबांनी तर तो नकाशा शेजारीपाजारी दाखवला. लेकीचं कौतुक, दुसरं काय.

मंगळवारी दुपारी त्यांच्या दम्याने उचल खाल्ली. पंपाने भागेना. रेल्वे फाटक बंद होतं, रिक्षाला भला मोठा वळसा पडला असता. बारा मिनिटांत चालत पोचू, असं मीच ठासून म्हटलं.

रुळांवरच्या पादचारी पुलापाशी आलो आणि मी वर पाहिलं. संगणकावर हा पूल म्हणजे एक सरळ रेघ होती. समोर बासष्ट पायऱ्या होत्या. चालण्याचा वेगही मी धडधाकट माणसाचा धरला होता, कारण संगणकात तोच आयता मिळतो.

सातव्या पायरीला बाबा थांबले. अकराव्या पायरीवर बसले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, ओठ निळसर दिसत होते. मागे फिरून जायला दवाखाना उरला नव्हता, तो मीच पुसला होता. मी भयंकर घाबरले होते. त्यांच्या काखेत हात घालून एकेक पायरी चढवताना एकच विचार येत होता, की हा माणूस इथेच गेला तरी नकाशात तो हिरव्यातच राहील. अर्ध्यावर एका हमालाने डोक्यावरचं ओझं उतरवलं आणि त्यांचा दुसरा हात धरला.

दवाखान्यात सिस्टरने लगेच औषधाची वाफ दिली. अर्ध्या तासाने बाबांची धाप जरा कमी झाली. तेवढ्यात सिस्टर एक फॉर्म घेऊन आली. तोही आमच्याच विभागाचा, नकाशा पडताळायला रुग्णांकडून भरून घेतात तो. घरून यायला किती वेळ लागला, तिने विचारलं.

बाबांनी मास्क बाजूला केला.

"बारा मिनिटं," ते म्हणाले. "माझ्या मुलीने मोजलंय."

सिस्टरने बारा लिहिलं. मला रडू फुटलं. तिच्याकडून पेन मागून घेतलं, बारावर काट मारली आणि सत्तेचाळीस लिहिलं. साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तरी बाबांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

"अगं, तुझी नोकरी जाईल," बाबा म्हणाले आणि पुन्हा खोकायला लागले.

"बाबा, आपल्याला घरी जायचंय," मी म्हटलं. "त्याच पुलावरून."