शेवटचं अक्षर खाली लटकलेली पाटी

मित्रांनो, आज मी पाटी आहे, पण जन्मले तेव्हा दार होते. नॉर्थ डकोटात हिवाळ्यात तळी इतकी गोठतात, की माणसं त्यांच्यावर खोपटं उभी करतात, बर्फाला भोक पाडतात आणि दिवसभर त्या भोकाकडे बघत बसतात. याला तिकडे मासेमारी म्हणतात. अशाच एका खोपटाचं मी दार. माझे मालक ऑरिन त्वेइट शाळेत सुतारकाम शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी खोपट मोडलं आणि बायकोला, मार्लिसना, म्हणाले, "पुरे झालं भोक बघणं. आता ऊन बघू."

दाराची एक फळी तेवढी ठेवली. ती मी. तापल्या सळईने त्यांनी माझ्यावर दोघांची नावं कोरली. आधी स्वतःचं, ऐसपैस. मग मार्लिसचं सुरू केलं आणि अर्ध्यावर लक्षात आलं, की फळी संपत आलीय. अक्षरं चेंगरत गेली. शेवटचं तर मावलंच नाही. दोरीवरच्या मोज्यासारखं ते खाली लटकलं.

"जन्मभर पोरांना मोजायला शिकवलंस," मार्लिस म्हणाल्या, "आणि बायको जास्त झाली होय रे?"

"बायको नाही गं, फळी कमी पडली. पुढच्या वर्षी नवी करतो."

वर्षं पुष्कळ आली. पुढचं काही आलं नाही.

टेक्सासच्या दक्षिण टोकाला मोटारघरांची एक वसाहत आहे. थंडीला कंटाळलेली म्हातारी मंडळी दर हिवाळ्यात आपलं घर चाकांवर घेऊन येतात आणि पपनशीच्या झाडांखाली ओळीने लावतात. ऑरिन आणि मार्लिसही मला घेऊन तिथेच यायला लागले. सगळी घरं पांढरी, सगळ्यांवर तपकिरी पट्टा, सगळ्यांपुढे घडीच्या खुर्च्या. म्हणून ओळख म्हणजे पाटी. ती खांबाला टांगली, की माणूस आला. ज्याची पाटी पुढच्या हिवाळ्यात टांगायला कुणी उरत नाही, त्याची वसाहतीच्या हॉलच्या भिंतीवर लावतात. त्यामुळे आमच्याकडे 'अमका वारला' असं कुणी म्हणत नाही. 'भिंतीवर गेला' म्हणतात. खिडकीजवळच्या जागेवर काहींचा आतापासून डोळा आहे.

माझे दिवस मजेत गेले. उतरत्या उन्हात मंडळी पेले घेऊन माझ्याखाली जमायची. शेजारचा वेंडेल माझ्या शेवटच्या अक्षराला टिचकी मारून विचारायचा, "काय गं मार्लिस, अजून पडली नाहीस?"

पडले ते ऑरिन. म्हणजे हातपाय शाबूत होते. एकेक गोष्ट डोक्यातून पडत गेली. आधी चष्मा, मग मुलांची नावं, मग घर. एकदा ते वेंडेलच्या घरात शिरले, टेबलावरचं बटाट्याचं सगळं जेवण संपवलं आणि वेंडेलच्या बायकोला म्हणाले, "मार्लिस, आज मीठ बरं पडलंय."

"येऊ दे रोज," वेंडेल म्हणाला. "तिच्या मिठाला बरं म्हणणारा पहिलाच माणूस."

पण नंतर ते एका नव्या बाईंच्या न्हाणीघरात शिरले. वसाहतीची समिती दारात आली. पुन्हा परक्या घरात गेले, तर जागा सोडा. जागा सोडणं म्हणजे उत्तरेला परत. तिथे मुलांनी विसराळू माणसांसाठी एक घर बघून ठेवलं होतं. छान होतं म्हणे. फक्त तिथे एकालाच घेतात.

मार्लिसनी मला ऑरिनच्या डोळ्यांसमोर येईन असं टांगलं, भोवती नाताळचे दिवे लावले आणि रोज पाठ घेतला.

"काय वाचायचं?"

"पाटी."

"आणि परक्या घरात?"

"बोलावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही."

"शहाणा माझा."

मी अभिमानाने फुगले. लाकूड फुगतं तेवढंच.

शेवटी समिती म्हणाली, एकदा बघू. ऑरिननी हॉलमधून एकट्याने घरी यायचं. सगळी गल्ली सामना असल्यासारखी खुर्च्या टाकून बसली. कुणीतरी लाह्यासुद्धा आणल्या. ऑरिन आले. वेंडेलच्या दाराशी थबकले, तेव्हा लाह्या खाणाऱ्यांनीही तोंडं मिटली. पण ते पुढे निघाले, माझ्यासमोर थांबले आणि मोठ्याने वाचलं, "ऑरिन. मार्लिस."

टाळ्या! वेंडेलने टोपी उडवली, ती झाडात अडकली.

ऑरिननी मात्र खुर्ची ओढली आणि बाहेरच बसले.

"अरे आत जा की!" वेंडेल ओरडला.

"असं कसं? बोलावल्याशिवाय परक्या घरात जायचं नसतं. दोघं बाहेर गेलेली दिसतात. येतील."

तोटी बंद केल्यासारख्या टाळ्या थांबल्या. मार्लिस हळूहळू चालत आल्या. ऑरिन उठून उभे राहिले. "या, बसा. तुम्हीपण यांच्याकडेच आलात का?"

मित्रांनो, जन्मभर 'अगं' म्हणणारा माणूस त्यांना 'तुम्ही' म्हणाला. आणि किती अदबीने!

"हो," मार्लिस बसत म्हणाल्या. "यांच्याकडेच."

ऑरिननी माझ्या लटकत्या अक्षरावर बोट ठेवलं. "बघा हो. बाईच्या नावाला जागाच ठेवली नाही. गाढव दिसतोय."

"पुढच्या वर्षी नवी करतो म्हणालाय."

"करेल. तशी माणसं बरी वाटतात."

समितीवाले आपापल्या खुर्च्या उचलून गेले. स्वतःच्या घरात न शिरणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या नियमांत काहीच नव्हतं. पण त्या संध्याकाळी मार्लिसनी स्वतःच मुलांना फोन केला. रविवारी मुलं येतील. मग मला खांबावरून उतरवतील. भिंतीवर मला जागा नाही. कारण कुणी वारलेलं नाही. आणि जिथे एकालाच घेतात, तिथे दोन नावांची पाटी काय कामाची?

आत्ता ऊन उतरलंय. माझे दिवे लागलेत. दोघं खुर्च्यांवर बसून त्या दोघांची वाट बघताहेत.

मित्रांनो, कधी एका फळीवर दोघांची नावं कोरायची झाली, तर आधी दुसऱ्याचं कोरा. आपलं लटकलं तरी चालतं.